चाळीसच्या आत

जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायच्या कारखान्यात आमचे हे बावीस वर्षं भट्टीवर होते. तिथे वर्षातून एकदा रक्त तपासतात. शिशाचा आकडा चाळीसच्या वर गेला की सरकारी साहेब मालकाला जाब विचारणार. म्हणून मालकाने अक्कल लढवली होती. तपासणीआधी दीड महिना भट्टीवाल्यांना पगारी सुट्टी. घरी बसा, आकडा उतरवा, सुई टोचून घ्या आणि पुन्हा भट्टीवर या. आमची शहाणी मंडळी याला मालकाचा मोठेपणा म्हणायची.

यंदा यांचा आकडा एकतीस आला. काय तो तोरा! परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा कागद भिंतीला चिकटवला.

मी दवाखान्यात नर्स आहे. दिवसाला पन्नास दंडांना रक्तदाबाचा पट्टा आवळते. त्या दिवशी यांच्या दंडाला आवळला, तर काटा एकशे नव्वदवर.

"रक्तातलं उतरलं, पण हाडांत मुरलंय त्याचं काय?" मी म्हटलं. "इतकी वर्षं शिसं खाऊन रक्तवाहिन्या आतून कडक झाल्यात. सैल पडायच्या तेव्हा सैल पडत नाहीत. एखादी डोक्यातली फुटेल. भट्टी सोडा, गोळ्या सुरू करा."

"रक्त स्वच्छ आहे ना? मग नळ्या कशा बिघडतील? उगाच डॉक्टरीण होऊ नकोस."

कारखान्याच्या डॉक्टरांनीही कागद बघितला, माणूस नाही. बाही वर करा म्हणायलासुद्धा त्यांना सवड नव्हती.

सोमवारी हे कामावर गेले. गुरुवारी दुपारी भट्टीसमोर कोसळले. डोक्यातली रक्तवाहिनी फुटली. उजवा हात गेला, पाय गेला, वाचाही गेली.

तिसऱ्या दिवशी मालक दवाखान्यात आले. भेटायला कसले, त्याच कागदाची प्रत घेऊन आले होते.

"वहिनी, आकडा चाळीसच्या आत होता. म्हणजे याचा कामाशी संबंध नाही. तेवढं लिहून आणलंय. एक सही लागेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "यांचीच घ्या की," मी म्हटलं. "बावीस वर्षं तुमचंच ऐकत आलेत."

मी पेन यांच्या उजव्या हातात ठेवलं. ते घरंगळून खाली पडलं. मालकांनी वाकून उचललं आणि तसेच उभे राहिले. तेवढ्यात यांनी पेनासाठी डावा हात पुढे केला.

तो मी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.