कुसाबाईचा मेसेज

त्या मंगळवारी आई गवार मोडत बसली होती आणि मी तिच्यासमोर पुस्तक घेऊन. मला सुट्टी होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते आणि सुट्टीतही वाचतच बसते, याची तिला गंमत वाटायची. "आचाऱ्यानं सुट्टीच्या दिवशी घरी पुऱ्या तळाव्यात, तसं आहे तुझं," ती म्हणाली. मी हसले आणि पान उलटलं.

तिचा फोन वाजला. बटणांचा जुना फोन, पाठीचं झाकण रबरानं बांधलेलं. हात भाजीत असल्यामुळे तिनं तो स्पीकरवर टाकला.

"ताई, सुनील बोलतोय. लिफ्टमधी शेळी नेली तर चालती का?"

"चौथ्या मजल्यावर?"

"खाली बांधली तर कुनी तरी कापून खाईल ना."

"तिचं नाव यादीत आहे का?"

"नाय."

"मग आधी तिचा फॉर्म भर. आधार कार्ड आण तिचं."

पलीकडे तो आणि त्याची बायको दोघंही हसत होती. आई फोन ठेवून पुन्हा गवारीकडे वळली. शेळीचं काय झालं, ते मला कधी कळलं नाही.

आई ओझरच्या विमान कारखान्यात स्टोअरची कारकून होती. निवृत्त झाल्यावर आमच्या घराजवळच्या उड्डाणपुलाखाली राहणारी अकरा कुटुंबं तिनं हाती घेतली. घरकुल योजनेत त्यांची नावं घालायची, दाखले काढून द्यायचे, घर मिळेपर्यंत मागं लागायचं. फॉर्मवर मोबाइल नंबर लागायचा, आणि त्या लोकांचे नंबर टिकायचे नाहीत. फोन चोरीला जायचा, नाहीतर रिचार्ज संपून नंबरच जायचा. म्हणून अकराही फॉर्मांवर आईनं स्वतःचा नंबर लिहिला. त्यांच्या आधार कार्डांनाही तोच जोडून घेतला. चार वर्षांत दहा कुटुंबं अंबडकडच्या इमारतीत राहायला गेली. तरी फोन थांबले नव्हते. नळाला पाणी नाही, मीटर कुणाचा कुठला, शेजारीण जिन्यात केर टाकते.

अकरावी कुसाबाई. ती आणि तिची नऊ वर्षांची नात निकिता. नवरा पुंजा केबलचे चर खणायचा, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा सुरतेला गेला तो गेलाच. कुसाबाई प्रतीक्षायादीत पहिली होती. आईनं तिला इमारत दाखवून आणली, तेव्हा येताना तिनं बाजारातून लाल पायपुसणं विकत घेतलं. पुलाखाली ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवलं होतं. "दार नाय आन पायपुसनं हाय," असं तीच सगळ्यांना सांगून हसायची.

आई आंघोळीला जायला उठली. "नंदी, फोन वाजला तर उचल हं. कुसाबाईच्या घराचा मेसेज यायचाय. ती विचारायला करेल."

"हं."

फोन दोनदा वाजला. माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी वाचत राहिले. आई केस पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "वाजला का गं?"

"नाही."

तिनं फोन उचलून पाहिला. दोन मिस्ड कॉल दिसलेच असतील. ती फोन घेऊन गॅलरीत गेली. तिथून तिचा आवाज येत होता, "नाही आला अजून, कुसाबाई. आला की मीच करते."

दुपारी आम्ही गवारीची भाजी खाल्ली. तीत गूळ जरा जास्त झाला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती चहाला उठली आणि ओट्यापाशीच खाली बसली. मी पोचले तेव्हा दूध उतू गेलेलं होतं. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणाले, फार त्रास झाला नसणार. असं ते सगळ्यांना सांगतात की फक्त मला सांगितलं, कोण जाणे.

त्यानंतर घरात आईचं काही चालू राहिलं असेल, तर तो फोन. "ताई, पाण्याची मोटर..." मी म्हणायचे, "ताई गेल्या." मग "कधी?", "कशा?". मग रडणं. मी नीट उत्तरं द्यायचे. एकदा तर एका दिवसात मी हे नऊ वेळा सांगितलं. तेरावं झालं, तरी ज्यांना अजून कळलं नव्हतं त्यांचे फोन येत होते. सोळाव्या दिवशी मृत्यूचा दाखला घेऊन मी मोबाइल कंपनीच्या दुकानात गेले.

काउंटरवरची मुलगी चांगली होती. "जुना नंबर आहे मॅडम. तुमच्या नावावर करून देऊ का? लगेच होतं."

"नको."

"बरेच जण ठेवतात. आठवण म्हणून."

"बंद करा."

घरी आले, तेव्हा घर शांत होतं. त्या रात्री मला झोप लागली.

सव्वा महिना उलटला आणि तिसऱ्या दिवशी कुसाबाई दारात आली. आत यायला तयार नव्हती. मी दोनदा म्हटल्यावर उंबऱ्याच्या आत टेकली. आईच्या फोटोकडे तिनं एकदाच पाहिलं.

"आधी येनार व्हते. पन सुतकाच्या घरी आपल्या कामाचं कसं इचारायचं? म्हटलं, सव्वा महिना होऊ द्या. मोठ्या ताईंचा फोन लावून पाह्यला, तर बंद."

"कंपनीनं बंद केला," मी म्हणाले. "माणूस गेलं की करतात."

"आसंन. मेसेज आला का वो तेवढा?"

तोवर मला ते आठवलंही नव्हतं.

आम्ही योजनेच्या कार्यालयात गेलो. तिथला शेखर नावाचा कारकून आईला ओळखत होता. तिचं नाव ऐकून तो उभा राहिला, आम्हाला खुर्च्या दिल्या. मग त्यानं संगणकात पाहिलं आणि बराच वेळ पाहतच राहिला.

"मेसेज गेलाय," तो म्हणाला. "दोनदा गेलाय. तिसऱ्या मजल्यावरचं घर लागलं होतं. पंधरा दिवसांत ओटीपी टाकून संमती द्यायची होती. मुदत सोमवारी संपली."

मी मनात दिवस मोजले. पहिला मेसेज आला, तेव्हा नंबर बंद होऊन चार दिवस झाले होते.

"आता?"

"घर पुढच्या नावाला गेलं, मॅडम. त्यांनी काल चावीसुद्धा नेली."

"त्यांना लेकरं हायेत का?" कुसाबाईनं विचारलं.

"तीन."

"मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली.

शेखरनं चष्मा काढून पुसला. "तुमचं नाव यादीत परत घालू. पण त्यालाही ओटीपी लागतो. आधारला जोडलेल्या नंबरावरच येतो तो. आधी नंबर बदलून आणा. महिनाअखेर यादी बंद होते, मग पुढची कधी निघेल, मलाही सांगता यायचं नाही."

महिना संपायला नऊ दिवस होते.

आधारच्या केंद्रावर नवीन नंबर जोडायला बोटांचे ठसे लागतात. कुसाबाईची चाळीस वर्षं भंगार निवडण्यात गेली होती. यंत्रावर अंगठा ठेवला की लाल दिवा लागायचा.

"आजी, घासू नका. दाबून ठेवा," यंत्रावरची मुलगी म्हणाली.

"घासून घासूनच गेलं ना ते, माय."

दहाही बोटं झाली. ओल्या फडक्यानं पुसून झाली, खोबरेल लावून झाली. मग डोळे. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसरा पाणावलेला, यंत्र तोही घेईना. मुलगी म्हणाली, उद्या या. आम्ही दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशी वेगळ्या केंद्रावर गेलो. मी ग्रंथालयातून रजा काढली. सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूची तारीख विचारली, ती पुढच्या महिन्यातली मिळाली. मधे एकदा एकटीच त्या मोबाइलच्या दुकानात जाऊन आले. तीच मुलगी होती. तिनं खरंच प्रयत्न केला, कुणाला तरी फोन लावला, आत जाऊन आली.

"नाही होत मॅडम. मी तेव्हा म्हटलं होतं."

"हो. म्हणाला होतात."

शेवटच्या दिवशी मी शेखरला अर्ज लिहून दिला. सगळं व्यवस्थित लिहिलं, तारखांसकट. फक्त नंबर कसा बंद झाला, तिथे मी लिहिलं, 'धारकाच्या मृत्यूमुळे'. त्यानं तो दोनदा वाचला. "तुमचं लिखाण ताईंसारखंच आहे," म्हणाला. "साहेबांपुढे ठेवतो. पण आशा धरू नका."

पुढच्या आठवड्यात पुलाखाली रस्त्याचं काम सुरू झालं आणि तिथल्या लोकांना उठवलं. दुपारी बेल वाजली. दारात कुसाबाई, डोक्यावर बोचकं, मागे शाळेचा युनिफॉर्म घातलेली निकिता.

"दिंडोरीच्या पुढं भाऊ हाय माझा. तिकडं जाते. किती दिस ठेवतो, बघू. भावजय लय बोलती."

"आणि हिची शाळा?"

"तिथंबी आसंन की शाळा."

निकिता चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत खाली बघत होती. मी आत या म्हटलं. गाडीची वेळ झाली म्हणून कुसाबाई नको म्हणाली. तिनं बोचक्यातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत लाल पायपुसणं होतं, नवं कोरं, घडी मोडलेली नव्हती.

"हे ऱ्हाऊ द्या तुमच्या दारात. माझ्यासंगं भिजंल."

"मावशी, नको. ते तुमच्या घराला घेतलेलं आहे."

"घ्या वो. मोठ्या ताईंच्या घराला कामी येईल. तुम्ही काय कमी पळालात का माझ्यासाठी? मोठ्या ताई आसत्या, तरी त्यांनीबी एवढंच केलं आसतं. कंपनीनं नंबर बंद केला, त्याला तुम्ही काय करनार?"

तिनं पिशवी माझ्या हातात दिली, बोचकं पुन्हा डोक्यावर चढवलं आणि निकिताचा हात धरला. दोघी जिन्याच्या दोन पायऱ्या उतरल्या.

"मावशी," मी म्हणाले.

ती थांबली. बोचक्यामुळे मान वळवता येत नव्हती, म्हणून अख्खी वळली.

"कंपनीनं नाही बंद केला. मी केला. तिथली मुलगी म्हणत होती, ठेवा. मीच म्हटलं, बंद करा, कारण तुमचे सगळ्यांचे फोन येत होते आणि मला ते नको होते. आणि आई होती तेव्हा, शेवटच्या मंगळवारी, तुम्ही दोनदा फोन केला होता. मी शेजारीच बसले होते. उचलला नाही. आईला सांगितलं, वाजलाच नाही."