वरची धार

पळसदरीच्या धरणात एक मासा होता, त्याच्या पाठीवर बसून मी एकदा कर्जतच्या बाजाराला गेलो होतो. ही गोष्ट कुणी मानत नाही. पण रेशनच्या दुकानात मी उभी हयात रॉकेल मापलं आणि कुणाला एक थेंब जादा दिला नाही, ही गोष्ट मात्र सगळी पंचक्रोशी मानते. आणि त्यावरून मला शिव्या घालते.

त्याचं असं आहे. आमच्याकडे सपाट माप म्हणजे अपमान. भाताची पायली भरली की वर शीग हवी, आणि ती ढासळून चार दाणे खाली सांडले तरच देणाऱ्याचं मन मोठं. दूधवाला माप ओतून झालं की वर एक धार सोडतो. परक्याला एवढं, तर घरच्याला किती? अशा मुलखात मी मापावरच्या रेघेशी थांबायचो. त्यात दुकान रुळांच्या कडेला. घाट चढणाऱ्या मालगाडीला मागून इंजिनं जोडलेली असतात, ती ढकलायला लागली की जमीन थरथरते आणि मापातलं रॉकेल डुचमळतं. डुचमळत्या रॉकेलाची रेघ कुणी बघायची? म्हणून गाडी जाईपर्यंत मी माप धरून नुसता उभा राहायचो. एकदा तर गाडी इतकी लांब होती, की तिचं तोंड लोणावळ्यात चहा पीत होतं तरी शेपूट माझ्यासमोरून सरकत होतं, आणि तेवढ्या वेळात रांगेतल्या एका पोराला मिसरूड फुटलं. पुढे रॉकेल गेलं, गॅस आला, दुकानाला कुलूप लागलं. पण अजून मी रस्त्यानं निघालो की कुणीतरी ओरडतंच, "काय रामभाऊ, गाडी गेली का?"

तर माझ्या शेजारी ठकूबाईचं घर. तिचा मुलगा रत्नदीप टेंपो चालवतो. घाटावर माल घेऊन गेला की कधी येईल त्याचा नेम नाही. सून स्नेहल यंदाच्या पावसाळ्यापासून खालापूरच्या बाजूला खोके बनवायच्या कंपनीत पाळीनं कामाला जाते. आणि नात प्राची, दुसरीतली. प्राचीला तान्ही असल्यापासून फिट यायची. कर्जतच्या डॉक्टरीणबाईंनी पातळ औषध लावून दिलं, सकाळ-संध्याकाळ, बाटलीबरोबरच्या प्लास्टिकच्या पेल्यात रेघेपर्यंत. त्या औषधानं फिट थांबल्या. पोरगी शाळेत जायला लागली, बांधावरून पळायला लागली, माझ्या गोष्टींत चुका काढायला लागली.

"आबा, काल मासा येवढा मोठा नव्हता."

"रात्रीत वाढला गं," मी म्हणायचो.

यंदा गणपती गेले आणि पोरगी डुलायला लागली. बांधावर चालताना तोल जायचा. डोळे स्थिर राहत नसत, जीभ जड झाली, ताटावर बसल्या बसल्या झोपायची. गोष्टीत चूक काढायचीही थांबली, तेव्हा मला खरी भीती वाटली. शाळेतल्या बाईंनी सांगितलं, बरी होईपर्यंत घरीच ठेवा. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "औषध बरोबर देता ना?" स्नेहल म्हणाली, "रोज देतो, एक वेळ चुकवत नाय." मग बाई म्हणाल्या, दुखणं वाढलेलं दिसतंय, पुढच्या खेपेला असंच असलं तर जोडीला दुसरं औषध सुरू करावं लागेल. ते जरा कडक असतं.

त्या दिवशी कर्जतहून येऊन स्नेहल घरात गेली नाही. पोरीला खांद्यावर घेऊन सरळ माझ्या ओट्यावर येऊन बसली.

"काका, एक इचारते. खरं सांगा."

"येवढी अट नको घालू गं. बाकी काय ते इचार."

ती हसली नाही. "तुमी दिसभर हितंच बसलेले असता. प्राची कवा जास्ती डुलते?"

मी आठवून बघितलं. थट्टा सुचेना. "तू संध्याकाळची घरी असतेस, त्या आठवड्यात जरा सावरते. दुसऱ्या पाळीला गेलीस की पुन्हा तेच."

"मला बी तेच दिसतंय," ती म्हणाली. "म्हंजे काय, दुखणं माझी पाळी बघून येतं का?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. रत्नदीप घरी होता. भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोखाली स्नेहलनं सतरंजी घातली, औषधाची रिकामी बाटली धुऊन तिच्यात कोकमाचं सरबत भरलं आणि मलाही हाक मारली.

"समद्यांनी औषध मापून दाखवायचं," ती म्हणाली. "रोज देता तसंच. येगळं काय करायचं नाय."

"परीक्षा घेतेस का सासूची?" ठकूबाई फणकारली.

"माझी बी घेते, आई. पयली मीच." तिनं पेला डोळ्यांसमोर धरला, रेघेपर्यंत ओतलं, थांबली. मग पेला रिकामा करून सासूच्या हातात दिला.

ठकूबाईनं रेघेपर्यंत बरोबर ओतलं. बाटली सरळ केली. आणि मग तिचा हात आपसूक पुन्हा कलला, आणि पेल्यात वर एक धार पडली. तिला ते कळलंही नाही. तिनं पेला पुढे केला, "हे घे, झालं बरोबर?"

रत्नदीप हसला. "आये, तू दूध घालतेस का औषध?" मग त्यानं स्वतः मापलं. ओतलं, थांबला, आणि बापाचा हात तो, आईपेक्षा मोठी धार सोडून मोकळा झाला. हसू त्याच्या तोंडावरच विरलं.

"आता काका, तुमी."

मी पेला घेतला आणि नेमकी घाटाची गाडी निघाली. भांडी खणखणायला लागली, सरबत हलायला लागलं. मी बाटली न कलवता बसून राहिलो. रत्नदीपला राहवेना. "रामभाऊ, हितं रॉकेल नाय हो!" सतरंजीवर पडलेल्या प्राचीनं जड जिभेनं विचारलं, "गाडी गेली का आबा?" गेली, तेव्हा मी ओतलं. रेघेशी आलं, थांबलो. बाटली खाली ठेवली.

स्नेहलनं माझा पेला मधोमध ठेवला आणि रेघेवर बोट टेकवलं. ठकूबाईला हळूहळू उमगलं, तशी ती भिंतीला टेकली. "म्हंजे मी माझ्या हातानं पोरीला इख घातलं?"

"इख नाय, जास्ती घातलंत. ह्यांनी बी घातलं. आता रडू नका आई, मला रडायला बसायचं नाय." स्नेहलनं मोबाइल उचलला होता. "संध्याकाळचं औषध द्यायचं का नाय, किती द्यायचं, हे मी मनानं ठरवणार नाय."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लगेच घेऊन या. रत्नदीपनं टेंपो काढला. रक्त तपासायला गेलं, तिथून कागद आला, आणि औषध रक्तात फार चढलंय असं निघालं. मी बरोबर होतो म्हणून सांगतो, बाईंनी कुणाला दटावलं नाही. त्या म्हणाल्या, "हे औषध असंच आहे. वर थोडं गेलं तर रक्तात थोडं वाढत नाही, एकदम उडी मारतं. आणि घाबरून एकदम बंद केलं तर फिट उसळून येतील. मी सांगते तसंच उतरवायचं." मग कागद बाजूला ठेवला. "मी 'बरोबर देता ना' एवढंच विचारलं. मापून दाखवा, असं म्हणायला हवं होतं." दुसऱ्या औषधाचं नाव त्यांनी काढलंच नाही. पेल्याऐवजी बिनसुईची पिचकारी दिली. तिच्यात औषध रेघेपर्यंत ओढायचं आणि गालाच्या आत हळूहळू सोडायचं.

घरी आल्यावर खरा पेच पडला. स्नेहलची दुसरी पाळी आली की संध्याकाळी कोण देणार? ठकूबाई म्हणाली, "माझा हात त्या बाटलीला लागायचा नाय आता." रत्नदीपचा तर पत्ताच नसतो. कंपनी सोडली तर घर कसं चालेल, हे स्नेहलनं बोलूनही दाखवलं नाही. ती म्हणाली, "रामभाऊ काका देतील."

"ह्यो?" ठकूबाईचं रडणं थांबलं. "अगं, ह्याच्या तोंडातून जल्मात खरं निघालं नाय! मासळीवर बसून बाजाराला जातो ह्यो!"

"तोंडाचं कोण बोलतंय आई? हात बघा त्यांचा. गावात सपाट माप देणारा येकच माणूस हाय."

"गावानं त्यापायी शिव्या घातल्या त्याला."

"म्हणूनच," स्नेहल म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काका, कायतरी येगळं घडलं, तर मनानं काय करायचं नाय. मला फोन. मी नाय उचलला तर बाईंना. कबूल?"

मी कबूल म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या चार-दोन खऱ्या वाक्यांपैकी ते एक.

पहिले काही दिवस ठकूबाई दारात उभी राहून माझ्या हातावर नजर ठेवायची. मी औषध दिलं की म्हणायची, "पिचकारीत तळाला राहिलंय बघ. ते बी दे."

"ते रेघेच्या भायेरचं हाय."

"मेल्या, तुझ्या बापाचं हाय का?"

"माझ्या बापाचं असतं तरी दिलं नसतं."

मग एका संध्याकाळी नको ते घडलं. औषध दिलं, मी गोष्टीला बसलो, आणि गोष्ट संपता संपता पोरीला भडभडून उलटी झाली. ठकूबाईनं तोंड पुसलं आणि बाटली माझ्यापुढे आपटली. "गेलं समदं भायेर! दे परत. फिट आली म्हंजे?"

आता खोटं बोलत नाही, माझा हात बाटलीकडे गेला. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला होता. घरात फिट बघितलेलं माणूस ती पुन्हा येऊ नये म्हणून काहीही ओतेल. मी हात मागे घेतला आणि फोन लावला. स्नेहलचा लागेना, पाळीवर असताना त्यांना मोबाइल जवळ ठेवू देत नाहीत. मग डॉक्टरीणबाईंना लावला.

"औषध दिल्या दिल्या ओकली, की वेळानं?"

"गोष्ट संपली तवा."

"कुठली गोष्ट?"

"माशाची."

 बाई म्हणाल्या, "आजोबा, ती गोष्ट केवढी असते?"

"लांब असते हो. मधी घाट चढून उतरावा लागतो."

"रंग दिसतोय का उलटीत औषधाचा?"

मी वाकून बघितलं. "नाय. भात हाय नुसता."

"मग औषध आत गेलंय. परत देऊ नका. पाणी द्या थोडं थोडं, एका कुशीवर निजवा आणि शेजारी बसा. पुन्हा उलटी झाली किंवा फिट आली, तर लगेच फोन करा."

मी ठकूबाईला सांगितलं. तिनं बाटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता ही स्वतःच ओतते. तिनं बाटलीला टोपण लावलं, ती उंच फळीवर ठेवली आणि पोरीच्या उशाशी येऊन बसली. मी पायथ्याशी.  स्नेहल पाळीवरून आली, तेव्हा आम्ही तसेच होतो आणि प्राची शांत झोपली होती. स्नेहलनं फळीवरची बाटली उजेडाला धरून बघितली आणि मग सासूच्या शेजारी बसली. "तुमीच ठेवलीत ना वर?" ठकूबाईनं मान हलवली. सकाळी पोरीनं चहाबरोबर बटर मागितलं.

आता भात कापायला आलंय. प्राची बांधावरून सरळ चालते, डोक्यावर एक छोटी पेंढी घेऊन. शाळेत जाते. औषध चालू आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात अजून बरीच वर्षं चालेल. स्नेहल म्हणते, चालू दे, माप आपल्या हातात हाय. दर खेपेला तिथं जाऊन ती पिचकारी भरून दाखवते, विचारलं नाही तरी.

आणि ठकूबाईची ती वरची धार? ती कुठं जाणार? औषधानंतर तोंड कडू होतं म्हणून ती नातीच्या हातावर गुळाचा खडा ठेवते. मग माझ्याकडे बघत बघत, वर आणखी एक.

संध्याकाळ झाली की तीच आपल्या दारातून ओरडते, "रामभाऊ, गाडी गेली का?" पूर्वी ही शिवी होती. आता औषधाची वेळ झाली, एवढाच त्याचा अर्थ. मी उठतो, पिचकारी भरतो, आणि रुळांवर काही धडधडत असेल तर थांबतो.

"आबा, पिचकारीतलं हलत नाय. द्या की," प्राची परवा म्हणाली.

"रीत हाय गं."

गाडी गेली. मी औषध दिलं, रेघेपर्यंत. तिनं तोंड वाकडं केलं, गूळ गालात धरला आणि मांडी घालून बसली. "आता मासा. केवढा होता?"

"पळसदरीच्या धरणायेवढा."

"मग पाणी कुठं होतं?"

ठकूबाई दारात खुदकन हसली. आता या प्रश्नाला उत्तर शोधायचं, म्हणजे मला माशाच्या पोटात पाणी भरावं लागणार. मी सरसावून बसलो.