ऐपतीची पाहणी

भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा म्हणजे वारा पडलेला लागतो, आणि त्या दिवशी वारा काही पडत नव्हता. मोतीबाईनं सकाळपासून वाफ्यावर शेण पसरलं, त्यावर सुका पाला अंथरला, वरून मातीचा हात फिरवला. काडी लावायची तेवढी बाकी होती. पण उल्हास नदीकडून झुळूक आली की पाला उडायचा, आणि बांधावर बसलेला तिचा नवरा हरिचंद्र उगाच खेकसायचा.

"माती कमी टाकलीस गो. सगला पाला त्या बिल्डिंगीन जाल."

"मंग या ना तुमी. बसून सांगाला काय जातंय?"

हेंद्रेपाड्याच्या बिल्डिंगा आता त्यांच्या बांधापर्यंत सरकल्या होत्या. वरच्या गॅलरीतून बायका राबाच्या धुराच्या नावानं ओरडायच्या. हरिचंद्रचं डोकं त्यानंच फिरलेलं असायचं.

एवढ्यात पोरगी बांधावरून पळत आली. जिज्ञासा. बारावीला कॉलेजात पहिली आलेली, आणि पुण्याकडच्या एका मोठ्या विद्यापीठाची परीक्षा काढून तिथं नंबर लागलेली.

"आये, फोन आला! युनिवर्सिटीच्या मॅडम परवा आपल्या घरी येणारेत. बघायला."

"बगाला? मुलगा हाय का त्यांचा?" मोतीबाईनं विचारलं.

"आये, काय पन! फीसाठी. तिथं फी माफ करतात ती मार्कांवर नाय. मार्कांवर फक्त घेतात. मग घरात किती येतं, किती माणसं खातात, काय हाय, काय नाय, सगळं बघतात. घराला झेपेल तेवढी फी आपण भरायची, बाकीची ते सोडतात."

हरिचंद्र उठून उभा राहिला. "म्हंजे भीक."

"भीक नाय बाबा. ऐपत बघतात."

"आमची ऐपत कोन बगनार? आजवर कुनाच्या दारान गेलू नाय मी."

"म्हणूनच त्या येतात ना आपल्या दारात!" जिज्ञासा चिडली. "हे बघा, मी परवा सकाळी अंबरनाथला तहसीलमध्ये दाखल्याला जाते, येताना मॅडमना स्टेशनवरून घेऊन येते. तुम्ही काय पन करू नका. घर हाय तसं राहू दे. जे हाय ते खरं सांगा. बस."

ती गेली. राब त्या दिवशी पेटलाच नाही.

आता घर हाय तसं ठेवायचं, हे सांगणं सोपं. पण मोतीबाईच्या डोक्यात दोन दिवस किडा वळवळत राहिला. परकी बाई पहिल्यांदा उंबऱ्यात येणार, आणि तिला काय दाखवायचं? पोपडे धरलेली भिंत? तिची सासू म्हणायची, झाकली मूठ सव्वा लाखाची. तिनं लग्न झाल्यापासून ती मूठ कधी उघडली नव्हती. सुगी बुडाली तरी हळदीला पाहुण्यांची पंगत उठवली होती. आता शिकलेल्या बाईसमोर उघडं पडायचं?

तो दिवस उजाडला आणि जिज्ञासा अंबरनाथला गेली, तशी मोतीबाई चुलत जाऊ शालनकडं गेली. शालनच्या नवऱ्यानं आपल्या वाट्याची मोकळी जमीन कधीच विकली होती. चाळ बांधली, बंगला बांधला.

"तुजी ठुशी आन पाटल्या दे गो सांजपरत. आन त्या चार खुर्च्या."

"कोन येतंय एवरा?"

"हाय येक पावनी."

दुपारपर्यंत घर ओळखू येईना. हरिचंद्रनं न सांगता कोंबडी आणली. मोतीबाईनं तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, वडे तळले. पदराखाली शालनच्या पाटल्या वाजत होत्या. जिज्ञासा मॅडमना घेऊन दारात आली आणि आईकडं बघून जागीच थिजली.

मॅडमचं नाव यशोधरा. उल्हासनगरच्या, वयानं लहानच, साध्या कपड्यातल्या. बोलायला गोड. भाकरी आवडीनं खाल्ली, आणखी एक मागून घेतली. मग वही न काढता मोबाईलवर टिपत त्यांनी विचारलं, "काका, जमीन किती आहे?"

"तीन येकर," हरिचंद्र मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "रोडटच. बिल्डर लोक रोज फेऱ्या मारतान. मी उभा पन करत नाय."

"बाबा," जिज्ञासा दात आवळून म्हणाली, "सातबाऱ्यावर नावं किती ते सांगा. जमिनीवरच्या आरक्षणाचं सांगा."

"तू गप. मोठी मानसं बोलतान."

"आणि काकू, दागिने घरचेच का?"

मोतीबाईनं पाटल्या पदराखाली सारल्या. शालन बाहेर खिडकीशीच उभी असणार, आणि तिच्यादेखत मागून आणल्याचं कबूल करायचं नव्हतं. "घरचंच हाय," ती म्हणाली.

सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. मोतीबाईनं ते आणलं, आणि तेच पोरीच्या मुळावर आलं.

निकाल आला. फीचा चौथा हिस्सा माफ. बाकीची घराला झेपण्यासारखी आहे, असं विद्यापीठानं कळवलं होतं. बाकीची म्हणजे भाजीच्या पाट्या विकून साठणारी नव्हे. नदीकाठची काकडी, भेंडी, वाल, आणि पावसाळ्यातला भात. घर चालायचं ते एवढ्यावर.

जिज्ञासा ओरडली नाही. त्यापेक्षा ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मोबाईल चुलीजवळ ठेवला आणि म्हणाली, "लोक गरीब दिसायला खोटं बोलतात. तुम्ही श्रीमंत दिसायला बोललात. मी कुणाला तोंड दाखवू?"

"आमी काय चोरी केली?" हरिचंद्र म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"चोरी केली असती तर माफी मिळाली असती, बाबा."

त्या बोलण्याचा अर्थ मोतीबाईला शालनकडं कळला. शालन सहज बोलून गेली, "आमच्या भावेशची तं सगली माफ झाली. इंजिनेरची. त्यान काय येवरा? चालीचं भारं सासूच्या नावानं, बंगला बी तिच्याच. आमच्या नावान कायच नाय."

मोतीबाई उठली. पाटल्या घालून मिरवणारी ती, आणि ज्यांच्या पाटल्या ते कागदावर कंगाल. नाकातोंडात धूर गेल्यासारखं झालं तिला. घरी येऊन तिनं पोरीचा मोबाईल तिच्यापुढं धरला.

"लाव त्या बायला."

"आये, आता काय उपयोग?"

"लाव बोलते ना!"

यशोधरानं फोन उचलला. मोतीबाईनं श्वास घेतला. "बाय, मी तुज्याशी खोटं बोल्ली. सोनं माजं नव्हतं. खुर्च्या बी नव्हत्या. कोंबरी तेवरी आमची."

मग यशोधरा म्हणाली, "काकू, मला जे दिसलं, ते मी लिहिलं. पण फेरविचाराला अर्ज करता येतो. समितीसमोर बोलावं लागेल, व्हिडिओवर. जमीन कुणाकुणाची, विकता का येत नाही, त्यातून काय निघतं, सगळं सांगायचं. कागद जोडायचे. आणि दोघांनी बसायचं."

"दोघांनी?"

"हो. काकांनी पण."

हरिचंद्रनं पाय आपटले. "मी नाय बसनार. अनोलखी लोकांम्होरं मी भुका हाय असं बोलू? त्यापेक्षा जमीन इकतंव."

"इका ना!" मोतीबाई पहिल्यांदाच नवऱ्यावर उसळली. "कशी इकता? सगल्या चुलत्या-पुतन्यांच्या सया आनता? अर्ध्यावर बागेचं आरक्षन, ते तुमी उठवता? आवो, तिचा भाव लोकांच्या तोंडान हाय. आपल्या ताटान भेंडीच येते."

तो तरातरा शेताकडं निघून गेला.

समितीच्या दिवशी जिज्ञासानं मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर तीन माणसं. मधली चष्मेवाली बाई बोलत होती. मोतीबाई साध्या लुगड्यात, मोकळ्या हातांनी बसली. तिनं जमिनीचं सांगितलं, पुरात दरसाल नदीकडचा तुकडा जातो ते सांगितलं, भाजीचं सांगितलं. अडखळत सांगितलं. जिज्ञासा मध्येच शब्द पुरवायची.

"पण मग तुम्ही आमच्या माणसाला खोटं चित्र का दाखवलं?" चष्मेवालीनं विचारलं. "आता हे खरं कशावरून?"

मोतीबाई पडद्यावरची नजर काढून चुलीकडं बघू लागली. चूल धुमसत होती. पोरीनं तिचा हात घट्ट धरला.

मागून दाराशी सावली पडली. हरिचंद्र आत आला, पाय तसेच चिखलानं भरलेले. बायकोच्या शेजारी मांडी घालून बसला. त्यानं मोबाईलकडं नाही, जमिनीकडं बघून बोलायला सुरुवात केली.

"बाय, आमच्याकरं पावना आयला, तं आमच्यात नसलेलं बी त्याच्या ताटान वारतांव. ती आमची रीत. तिनं मागून आनलं, मी फुशारकी मारली. दोगांची चूक." तो थांबला. पायावरचा चिखल नखानं खरवडला. "आमच्याकरं पैसा नाय. आमी गरीब हाव. पोर हुशार हाय, तिच्यात आमचा काय वाटा नाय. तिला आमच्या तोंडानं मारू नका."

चष्मेवालीनं चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "ठीक आहे. कळवतो."

फोन बंद झाला. हरिचंद्र तसाच उठून विहिरीवर गेला आणि बराच वेळ नुसतं पाणी ओढत राहिला.

पाऊण फी माफ झाली. पुरी नाही. उरलेल्या पाव फीसाठी मोतीबाईनं नदीकाठची भाजी उल्हासनगरच्या बाजारात स्वतः नेऊन बसायचं ठरवलं. शिवाय पत्रात एक अट होती : दरवर्षी परिस्थितीची पुन्हा पाहणी होईल.

"म्हंजे चार वर्सं दरसाल बोलाचं? आमी अजून गरीब हाव?" हरिचंद्रनं विचारलं.

"हो बाबा."

"भिंतीला रंग लावला तं?"

जिज्ञासाला हसू आलं आणि रडूही. "लावा. फक्त खरं सांगा, कुठून लावला ते."

लावणीच्या दिवसांत जिज्ञासा विद्यापीठात गेली. दुसऱ्या दिवशी मोतीबाई नेहमीसारखी खाचरात उतरली. गुडघाभर चिखल, वाकलेल्या बायकांची ओळ. शालन हौसेनं आली होती, बांधावर छत्री धरून.

"गेली का गो पोर?" ती वरून ओरडली. "एवऱ्या मोठ्या शालेत! जमीन इकली वाटतं?"

ओळीतले हात थांबले. मोतीबाई सरळ उभी राहिली. पूर्वीची मोतीबाई म्हणाली असती, हाय आपल्याकडं काय ते.

"नाय इकली," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "पाऊन फी माफ झाली. आमची ऐपत नाय, म्हनून. आमी दोगांनी तसं सांगितलं."

शालननं छत्री या हातातून त्या हातात घेतली आणि काही काम आठवल्यासारखी निघून गेली. बायका पुन्हा वाकल्या. रोपं चिखलात रुतल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

मग ओळीच्या टोकाची भीमाबाई, जिची पोरगी करिष्मा यंदा बारावीला होती, रोपं लावत लावत सरकत जवळ आली. मान वर न करता हळूच म्हणाली, "मोतीबाय, त्या तुज्या मॅडमचा नंबर देशील का गो?"

"देन. सांजच्याला घरी ये," मोतीबाई म्हणाली. "आन एकटी नको येव. नवऱ्याला घेऊन ये. गरीब हाव बोलाला त्यांनाच जास्त वेल लागतंय."