दोन सह्यांचा पैसा

माझ्या वडिलांचा सरकारवर विश्वास नव्हता आणि माझ्या आईचा वडिलांवर. या दोन अविश्वासांवर त्यांचा संसार उत्तम चालला होता.

नोटा गेल्या आणि सगळ्यांचा पैसा फोनमधल्या सरकारी वॉलेटात आला, तेव्हा अण्णांनी घर डोक्यावर घेतलं. "पैसा माझा आणि चावी त्यांच्या हातात!" असं म्हणत त्यांनी निवृत्तीची निम्मी रक्कम क्रिप्टोत टाकली. तिथे सरकार नाही, बँक नाही, साहेब नाही. जगभरच्या कॉम्प्युटरांवर हिशेब राहतो आणि त्याचा कुणी एक मालक नाही. आई म्हणाली, "मालकच नाही, तर जाब कुणाला विचारायचा?"

बरेच दिवस धुसफूस झाली आणि शेवटी तह झाला. अण्णांच्या सरकारी वॉलेटावर आई 'संमतीदार' झाली. म्हणजे किराणा-भाजीपलीकडे काही खर्च असला की तिच्या फोनवर मागणी जाणार आणि तिने 'मंजूर' दाबलं तरच पैसे सुटणार. क्रिप्टोतले पैसे मात्र दोघांच्या सहीवर. सही म्हणजे प्रत्येकाचे आपापले गुप्त शब्द. अण्णांचा जन्म लिफ्ट बसवण्यात गेलेला, त्यामुळे एका दोरावर लिफ्ट सोडत नाहीत हे त्यांनी आम्हाला पुन्हा ऐकवलं. शब्द कुठेही लिहायचे नाहीत, अशी आईला सक्त ताकीद होती. तिने ते पाठ केले. मी लाडीगोडी लावून विचारलं, तरी तिने ताकास तूर लागू दिली नाही.

मग आई अचानक गेली आणि ते शब्दही गेले. अण्णांचे क्रिप्टोतले पैसे दिसायचे, पण हलायचे नाहीत.

मी सरकारी चलनाच्या ऑफिसात काम करते. गेलेल्या माणसांची वॉलेटं बंद करायची खिडकी माझी. त्यामुळे आईचं वॉलेट मीच बंद केलं, तिचा फोन मीच पुसून जमा केला. रोजचंच काम, पण त्या दिवशी हात चालेना.

त्यानंतर काही दिवसांनी अण्णा बुटांच्या दुकानातून हात हलवत परत आले. चेहरा मात्र उजळलेला.

"ढमे, तुझ्या आईने बूट घेऊ दिले नाहीत," ते म्हणाले आणि फोन माझ्या नाकासमोर धरला. नामंजूर.

मी ऑफिसातल्या सिस्टीमवाल्याला गाठलं. त्याच्या कपाळावर आठीसुद्धा पडली नाही. "संमतीदार गेला तरी नवा नेमेपर्यंत जुनी सवय चालू राहते," तो म्हणाला. "काय मंजूर करायचं, काय अडवायचं, ते सिस्टीम त्या माणसाकडून शिकलेली असते. म्हाताऱ्यांना कुणी लुबाडू नये म्हणून."

"मग नवा नेमा ना."

"वॉलेटवाल्याने अर्ज करायला हवा."

वॉलेटवाले अर्ज करायला तयार नव्हते. उलट त्यांना नवा नादच लागला. पंखा घ्यावा का? मंजूर. मित्राला उसने द्यावेत का? नामंजूर. "बरोबर आहे तुझं, तो कधीच परत करत नाही," असं फोनला म्हणून ते हसायचे. मला राग यायचा आणि अंगावर काटाही. कारण आईला प्रत्येक वेळी आधी चष्मा शोधायला लागायचा, आणि उत्तर बरोबर तेवढाच वेळ घेऊन यायचं. माझ्या ऑफिसाने तिचा चष्मासुद्धा शिकून घेतला होता.

इथपर्यंत मी चालवून घेतलं. पण मग अण्णांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं: हृदयाची झडप बदलायला हवी, लवकर. बदलली तर खूप वर्षं काढतील, नाही तर फार दिवस नाहीत.

अण्णांनी हॉस्पिटलची मागणी टाकली. थोड्या वेळाने उत्तर आलं. नामंजूर.

यात नवल काहीच नव्हतं. हॉस्पिटल म्हणजे लुटारूंचा अड्डा, हे आईचं ठाम मत. स्वतः ती दात काढायलाही गेली नाही.

"ती नको म्हणते," अण्णा म्हणाले.

"अण्णा, ती आई नाही! मशीन आहे ते. मी तिथेच नोकरी करते, मला माहीत नाही का? मी भरते पैसे."

"तिचा शब्द मोडून मी त्या टेबलावर झोपणार नाही."

मी ओरडले, रडले, अबोला धरला. शेवटी हात टेकले. माझ्या डोळ्यांसमोर माणूस मरायला निघाला होता आणि त्याचं ऑपरेशन अडवणारं माझंच ऑफिस होतं.

एका सकाळी त्यांनीच मला हाक मारली. डायनिंग टेबलावर फोन ठेवला होता आणि त्यात क्रिप्टोचं ॲप उघडलं होतं. हॉस्पिटल दोन्ही प्रकारचे पैसे घेत होतं. अण्णांनी ऑपरेशनची रक्कम टाकली, आपले शब्द भरले, आपली सही केली.

"इथे तुझं ऑफिस नाही," ते म्हणाले. "सवयी शिकणारं कुणी नाही. इथे तिची सही झाली, तर ती तिचीच. झाली तर मुकाट्याने जाईन. नाही झाली तर पुन्हा हा विषय काढायचा नाही. कबूल?"

काय कबूल करणार, कपाळ? आईचे शब्द आईबरोबर जळले होते. त्यांनी मरायची सबब शोधली होती, एवढंच मला समजलं. मी चहाचे कप उचलायला लागले. आईला चष्मा शोधायला लागेल, तेवढा वेळ गेला.

दुसरी सही झाली. पैसे गेले.

"बघ," अण्णा हळूच म्हणाले आणि त्यांचे डोळे भरून आले. मीही रडले. आनंदाने की भीतीने, ते आजही मला सांगता येत नाही.

सिस्टीमवाल्याला विचारलं तेव्हा तो आधी हसला. "शब्दांशिवाय सही होत नाही. कुणाकडे तरी असणारच ते."

"जिच्याकडे होते, तिचं वॉलेट मी माझ्या हाताने बंद केलंय."

त्यानंतर तो माझ्या खिडकीशी गप्पा मारायला फिरकला नाही.

ऑपरेशनच्या दिवशी अण्णा लग्नाला निघाल्यासारखे दाढी करून तयार झाले. स्ट्रेचरवरून फोन माझ्या हातात देत म्हणाले, "घाबरू नकोस गं. तिने हो म्हटलंय."

दार बंद झालं. मी बाहेर बाकावर बसले. दुपार चढत होती, सफाईवाली फरशी पुसत होती. मला जरा धीर येतोय असं वाटतं न वाटतं तोच अण्णांचा फोन थरथरला.

क्रिप्टोच्या ॲपवर नवी मागणी आली होती. रक्कम: शिल्लक असेल ती सगळी. कुणाला: कधी न पाहिलेला पत्ता. कशासाठी, या रकान्यात लिहिलं होतं: घरखर्च.

एक सही झालेली होती. आईची. दुसरी बाकी होती.

आता सगळं लख्ख कळलं. नको नको म्हणत अण्णांना घरात धरून ठेवत होतं ते आमच्या ऑफिसातलं मशीन. हो म्हणाली ती खरी आई. आणि ती एकटी होती.

मी मागणी रद्द करायचं बटण शोधलं. सरकारी वॉलेटात ते असतं, मी रोज लोकांना दाखवते. इथे नव्हतं. तक्रारीचा नंबर नव्हता, खिडकी नव्हती, साहेब नव्हता.

"आई, नको ना गं," मी मोठ्याने म्हणाले. "राहू दे ना त्यांना माझ्याकडे, थोडे दिवस तरी."

सफाईवालीने चमकून माझ्याकडे पाहिलं.

फोन माझ्या मुठीत होता. अण्णा आत भुलीखाली होते. त्यांचे शब्द त्यांच्याशिवाय कुणालाही माहीत नव्हते.

दुसरी सही झाली.

ऑपरेशन थिएटरचं दार उघडायच्या आधीच मी उठून उभी राहिले.