देठाजवळचा काळा ठिपका

लोधीपुऱ्यातल्या मंगल कार्यालयात भरदुपारी चाळीस माणसं गाढ झोपली होती. सतरंज्यांवर ओळीनं, प्रत्येकाच्या उशाशी केळ्याची साल. आणि भोवती दोनशे बायाबाप्ये हात जोडून बसलेले! निजानंद महाराजांचा झोपेचा दरबार तो हाच. डॉक्टरांनी हात टेकले तिथं महाराजांचं एक केळं पुरतं, असा साऱ्या बुऱ्हाणपुरात बोभाटा झाला होता.

"डॉक्टर काय देतो? गोळी!" महाराज मंचावरून गरजत होते. "गोळी कशाची? केमिकलची! आणि माझं केळं? मंत्राचं! तुमच्या छातीवर बसलेली सावली मी केळ्यात ओढतो!"

"जय हो!" गर्दी ओरडली. सावली केळ्यात ओढायची आणि तेच केळं आजाऱ्याला खाऊ घालायचं, म्हणजे ती गेली कुठे? पोटातच की! पण हे विचारायला कुणाची जीभ उचलली नाही. नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या कुसुमचीही नाही. जीव टांगणीला लागला की अक्कल मुकाट बसते.

तिचा नवरा दिगंबर शाळेत गणित शिकवायचा. धाकटा भाऊ अपघातात गेला आणि हा धडधाकट माणूस मिटूनच गेला. मानसोपचाराच्या डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी सुरू केली, मन हळूहळू सावरलं. पुढे लक्षात आलं की घोरता घोरता त्याचा श्वास अडतो. छातीच्या डॉक्टर रुपालीताईंनी नाकावर मास्क लावून हवा देणारं मशीन दिलं. श्वास सुरळीत झाला, तरी झोप काही धड होईना. पाय झटकायचा, भावाला हाका मारत दचकून उठायचा, सकाळी डोळे लालभडक. शेजारच्या भागाबाईनं मग निदान करून टाकलं, "कुसुम, भाऊ बोलावून राहिला त्यांना. त्या मशीनीतूनच येतो तो."

मशीन आणि गोळ्या संध्याकाळी तापीत सोडायच्या, असा महाराजांचा हुकूम होता. दोन्हींची पिशवी कुसुमच्या मांडीवर होती.

केळं खाऊन अर्धा तास झाला. दिगंबर घोरत होता. मग घोरणं थांबलं.

"देख, कसे शांत झोपले!" भागाबाई गहिवरून म्हणाली.

कुसुमनं त्याच्या नाकाशी बोटं धरली. वारा लागेना. पोट आत ओढलं जात होतं, पण श्वास काही येईना. तिनं वीस मोजले. तीस मोजले. ओठ जांभळे पडत चालले होते. पर्समध्ये कोरोनाच्या वेळचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र होतं, ते तिनं त्याच्या बोटाला लावलं. अठ्ठ्याहत्तर. मग बहात्तर.

"अहो! उठा! अहो!"

"उठवू नको!" महाराज धावत आले. "मध्येच उठवलंस तर प्राण वाट चुकेल!"

"प्राण चाललाय माझ्या डोळ्यांदेखत! सरका बाजूला!"

तिनं त्याला कुशीवर वळवलं, हनुवटी वर ओढली. खर्रकन श्वास आत गेला. डोळे मात्र उघडले नाहीत. तिनं हलवलं, चिमटे काढले, गालावर मारलं. मशीन येण्याआधी घरी श्वास अडला की तो आपणहून दचकून उठायचा. ते दचकणंच त्याला जगवत होतं, हे तिला आता कळलं.

आज तो दचकत का नाही? तिची नजर केळ्याच्या सालीवर गेली. कुसुम खकनारच्या केळीवाल्यांची लेक. सालीला नख लागलं तरी तिथं काळं पडतं आणि व्यापारी फणी बाजूला टाकतो, हे तिला चालायला लागल्यापासून ठाऊक. सालीवर, देठाजवळ, सुईच्या टोकाएवढा काळा ठिपका होता. शेजारच्या सालीवरही. त्याच जागी! वाटायला ठेवलेल्या टोपलीतल्या अख्ख्या केळ्यांवरही.

ती एक केळं घेऊन उभी राहिली. "महाराज, हे खा. आत्ता. सगळ्यांसमोर."

"आज… आज माझा उपास आहे."

"उपासाला केळं चालतं!" गर्दीतून देवराम नावाचा म्हातारा बागाईतदार ओरडला. त्यानं केळं हातात घेऊन फिरवून पाहिलं. "ए, ही तर सुई टोचलेली हाय!"

साऱ्या बागाईतदारांचे हात टोपलीत गेले. केळ्याच्या मुलखात केळ्याची लबाडी करायला निघाला होता गडी! तो मागच्या दाराशी पोचायच्या आत लोकांनी त्याला धरलं. त्याच्या खोलीत सिरिंजा सापडल्या आणि झोपेच्या गोळ्यांची पाकिटं. कुणीतरी ॲम्ब्युलन्स बोलावली. ओळीतल्या आणखी दोघांनाही न्यावं लागलं.

"झोपेच्या औषधानं घसा आणखी सैल पडला, आणि श्वास अडल्यावर येणारी जागही दाबून टाकली," रात्री दवाखान्यात रुपालीताई म्हणाल्या. "आता खरं सांगा, दुसरी कुठली गोळी चालू आहे?"

कुसुमनं पिशवीतली डबी काढून पुढे केली आणि मनाच्या गोळीचं सगळं सांगून टाकलं. लेकीला, प्राजक्ताला स्थळं येत होती. 'वेड्याची गोळी' म्हणून बोंब होईल, या भीतीनं तिनं ती गोळी ताकदीच्या गोळ्यांच्या डबीत भरून ठेवली होती आणि दवाखान्यात विचारलं तेव्हा 'काही नाही' म्हणून सांगितलं होतं.

रुपालीताईंनी डोक्याला हात लावला. "अहो, नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी काहींची झोप तुटते, पाय झटकतात, स्वप्नं भडक पडतात. मशीन श्वासाची वाट उघडी ठेवतं, पण तुटणारी झोप सांधत नाही. गोळीची वेळ सकाळची करता येते, गोळी बदलता येते. मी त्या डॉक्टरांशी बोलते. फक्त आपल्या मनानं बंद करू नका, मशीनही नाही."

दुसऱ्या दिवशी भागाबाई चार बायका घेऊन दवाखान्यात आली. दिगंबर शुद्धीवर होता, मास्क लावून पडला होता. "मग भाऊ नव्हता तर काय होतं गं?" तिनं हळूच विचारलं.

दारात प्राजक्ता उभी होती. कुसुमनं आवाज मुळीच खाली केला नाही.

"यांना मनाच्या आजाराची गोळी चालू आहे, भागाबाई. खुशाल सांग सगळ्यांना. तुमच्याही घरात असेल तर डॉक्टरला सांगा, विचारा, भांडा वाटलं तर, पण लपवू नका. त्या भामट्यानं केळ्यात औषध लपवलं आणि मी डॉक्टरपासून गोळी लपवली. हा माणूस आम्ही दोघांनी मिळून मारत आणला होता."