बेंबळीची भरती-ओहोटी

किनाऱ्यावर जायची तिवराची रोपं चुकून समुद्रापासून कोसो दूर बेंबळीत उतरली आणि ट्रकवाला जेवून निघूनही गेला. परत पाठवायची म्हणजे वृक्षलागवडीच्या स्पर्धेत गावाचा नंबर हुकला असता. म्हणून सरपंच रामहरी आबांनी ती अंगणवाडीपुढच्या कडुलिंबाखाली लावून टाकली.

प्रीती अंगणवाडीची ताई, बीएस्सी झालेली. तिनंच तोंड उघडलं. "आबा, ही खारफुटी. खाऱ्या चिखलात जगते. वादळाची लाट अडवते, माशांची पिल्लं सांभाळते. इथं काय करणार?"

आबांनी त्यातलं मीठ आणि लाट तेवढी उचलली. जाड्या मिठाची पोती आली. विहिरीच्या पाण्याला असतात तशा पाळ्या लागल्या. शेतीची लाईट आली की मोटार सुरू, म्हणजे भरती. लाईट गेली की बादल्यांनी उपसा, म्हणजे ओहोटी. बेंबळीचा समुद्र चंद्राला नव्हे, सबस्टेशनला विचारून यायचा.

रोपं तरारली. लिंब मात्र पिवळा पडला. त्याच्याच फांदीला प्रीतीच्या तान्ह्या श्रावस्तीची झोळी. आत अंगणवाडीच्या पत्र्याखाली लेकराचं अंग तव्यागत तापायचं. प्रीती घडीघडी पोरीचं कपाळ चाचपायची, मग वर गळत्या पानांकडं बघायची. लिंब गेला तर हिला निजवायचं कुठं?

शेवटी ती आबांच्या ओट्यावर गेली.

"आबा, लिंब मरायलाय. मीठ बंद करा."

"अगं पोरी, लाट आली तर लिंब अडवील का?"

"इथं कुठला आलाय समुद्र?"

"रोपं लावल्यापासून आला का? न्हाय ना? मग!"

ओट्यावरच्या सगळ्यांनी माना डोलवल्या. प्रीतीला रडू फुटायचंच बाकी होतं. मग तिनं आबांचाच धागा पकडला.

"खरंय आबा. पण समुद्र पश्चिमेला. म्हणजे लाट आधी तुमच्याच परसात. झाडं मागं, तुम्ही पुढं, असं कसं?"

आबांनी वळून परसाकडं बघितलं. आतून त्यांच्या मथुराबाई कडाडल्या, "आवं, माझ्या कोंबड्या वाहून गेल्यावर लावणार का?"

दुपारच्या आत रोपं, चिखल, मोटार, सगळा समुद्र आबांच्या परसात गेला.

प्रीतीनं खारी माती खरवडून काढली, गोडं पाणी ओतत राहिली. लिंबाला तांबूस पालवी फुटली तेव्हा नवरा धम्मपाल हसून म्हणाला, "लाट पश्चिमेकडूनच येती, हे तुला कुणी सांगितलं गं?"

"कुणी न्हाय."

असं म्हणाली खरी. पण उगाच एकदा पश्चिमेकडं बघितलं, आणि झोळी हातभर वर बांधली.