दादाभाऊंचा ‘दुसरा ब्रेक’

मी दादाभाऊंच्या जीपमधला स्पीड गव्हर्नर बोलतोय. स्टिअरिंगखाली वायरींच्या गुंत्यात जो काळा डबा दिसतो, तोच मी. मला तारेनं आवळून वर शिशाचं सील ठोकलंय. हलायची सोय नाही.

आरटीओच्या पासिंगच्या आदल्या दिवशी सुनील मिस्त्रीनं मला बसवलं. दादाभाऊंची बायको रत्ना शेजारीच उभी होती.

“ह्यो डबा कशाला?”

“गव्हर्नर म्हंत्यात याला. दुसरा ब्रेकच समज,” दादाभाऊ म्हणाले.

सुनील गालात हसला नि पाना फिरवत राहिला. मी आतल्या आत तडफडलो. हे दोन्ही इंग्रजी शब्द वेग आवरणारे, म्हणून माणसं त्यांना एकच समजतात. मी फक्त इंजिनाचं डिझेल रोखतो, ऐंशीच्या पुढं त्याला पळू देत नाही. धावती चाकं धरणं ब्रेकचं काम.

गेल्या माघात रत्नाला बहिणीकडं मुरबाडला जायचं होतं. मढ सोडून माळशेज घाटाचा उतार लागला आणि दादाभाऊंनी डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल केली.

“गेरमधी ठेवा की,” रत्ना म्हणाली.

“गव्हर्नर हाय ना!”

गाडीला आता उतार ओढत होता, इंजिन नव्हे. मी कुणाचं डिझेल अडवणार? ब्रेक दाबून दाबून तापला, पायाखाली पोकळ झाला. समोर वळण. मी तिथंच, सीलमध्ये, सगळं बघत.

“गेर टाका!” रत्ना किंचाळली.

गिअर कर्रकन पडला, इंजिन बोंबललं, जीप डोंगराच्या अंगाला घासत थांबली. दोघं वाचली. रत्नाचं मनगट मोडलं.

गॅरेजमध्ये दादाभाऊंनी माझ्याकडं बोट केलं. “ह्यानंच घात केला.”

“भाऊ, तो इंजनाला आवरतो, उताराला नाय,” सुनील म्हणाला.

“मंग त्या दिशी हसलास कशापायी? सांगायचं व्हतं,” रत्ना म्हणाली. सुनीलनं हातातला पाना खाली ठेवला.

जीप दुरुस्त होऊन महिना झाला. ती घरामागं ताडपत्रीखाली उभी आहे, आणि अंधारात मी. दादाभाऊ रोज येतात, सीटवर बसतात, चावी लावतात, न फिरवताच काढतात, उठून जातात.

दादाभाऊ, माझ्यावर भरवसा ठेवू नका, एवढंच मागणं. रत्नाला शेजारी बसवा, ती सांगेल तो गिअर टाका, आणि मला एकदा उजेडात न्या.